सिगारेट म्हणजे व्यसन नव्हे

३ जानेवारी
धाकटा भाऊ आज व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. गर्दच्या नशेपायी पाच महिने आत होता. अंग भरलंय, नजर स्थिर आहे. आई दारातच त्याच्या गळ्यात पडून रडली. मी इतकी वर्षं हे घर ओढतोय, माझ्या गळ्यात पडून कुणी रडलेलं नाही. असो.

केंद्राचा एक नियम आहे. घरी सोडलेल्या माणसाला घरातला एक साथीदार लागतो. साथीदारानेही आपल्या आवडीची एक गोष्ट दीड महिना सोडायची. दर रविवारी दोघांनी केंद्रातल्या गोलात बसून खरं काय ते सांगायचं. आई म्हणाली, मी होते. मी म्हटलं, तुझं हे काम नव्हे, इथे कंट्रोल लागतो. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर असतो तेव्हा जादा ब्रेक माझ्या पायाखाली असतो. कुठे थांबायचं हे मला कुणी शिकवू नये.

आता सोडायचं काय? चहातली साखर अशक्य. दुपारची झोप अशक्य. शेवटी सगळ्यात सोपी गोष्ट निवडली. सिगारेट.

केंद्रातल्या काउन्सेलरबाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? म्हणाल्या, आमच्याकडचे बरेच जण सांगतात की गर्दपासून सुटलो, दारूपासून सुटलो, सिगारेट मात्र राहिली. दुसरं काहीतरी निवडा. मला हसू आलं. जी वस्तू दुकानात चॉकलेटच्या बरणीशेजारी मिळते तिला व्यसन म्हणत नाहीत. सवय म्हणतात. व्यसन असतं तर सरकारने विकू दिलं असतं का?

४ जानेवारी, सकाळ
काहीही वाटत नाहीये. उगाच बाऊ करतात लोक.

४ जानेवारी, दुपार
एका शिकाऊ बाईंनी क्लच इतका हळू सोडला की मी ओरडलो. त्या रडल्या. चूक त्यांचीच होती. क्लच फारच हळू सोडला.

७ जानेवारी
केंद्रात नातेवाइकांना लक्षणं समजावून सांगितली होती. माणूस पुन्हा घसरायला लागला की उगाच चिडतो, बाथरूममध्ये फार वेळ घालवतो, कारण नसताना बाहेर जातो, तोंडात सारखं पेपरमिंट ठेवतो, थापा मारतो. मी धाकट्यावर बारीक लक्ष ठेवून आहे. अजून एकही लक्षण नाही. हेच संशयास्पद आहे.

९ जानेवारी
झोप नीट नाही. हिच्याशी भांडण. आमटीत मीठ कमी होतं एवढंच म्हणालो. ही म्हणाली, सिगारेट सोडल्यापासून तुम्ही माणसात नाही. मी शांतपणे सांगितलं की याचा सिगारेटशी काडीचाही संबंध नाही. शांतपणे सांगताना ताट सरकलं, ते खाली पडलं.

११ जानेवारी
आज एक ओढली. मुद्दाम, प्रयोग म्हणून. अजून आवडते का ते बघायचं होतं. विशेष आवडली नाही. म्हणजे व्यसन नाही हे सिद्ध झालं. एका प्रयोगावर भरवसा ठेवणं शास्त्रीय नव्हे, म्हणून दुसरीही ओढली.

१२ जानेवारी, रविवार
गोल. धाकट्याने सगळं सांगितलं. बुधवारी त्याचे पाय त्या जुन्या गल्लीकडे वळले, तोंडापाशी पोचून तो परत फिरला. मग म्हणाला, दादाने सिगारेट सोडली म्हणून मीही सोडली. गर्द बंद केली तेव्हा अंग मोडून निघालं, उलट्या झाल्या, पण काही दिवसांत ते उतरलं. सिगारेट तशी दुखत नाही, ती नुसती दिवसभर शेजारी बसून राहते. आणि त्याची सुरुवात नेहमी तिनेच व्हायची. आधी एक सिगारेट, मग ते. बाई म्हणाल्या, म्हणूनच तुमच्या घरात धूर नको. धूर आला की हा गेलाच समजा.

माझी पाळी आली. एकही नाही, म्हणालो. प्रयोग मोजत नाहीत. टाळ्या वाजल्या. धाकट्याने सगळ्यात जास्त वाजवल्या. मला जरा लाज वाटली, पण टाळ्या वाजवणाऱ्यांना काय वाटलं असतं याचाही विचार करावा लागतो.

१७ जानेवारी
घरात नाही म्हणजे नाही. शब्द तो शब्द. ओढायची ती फक्त कामावर, गाडीच्या बाहेर उभं राहून. ही पद्धत उत्तम बसली आहे. शिकाऊ लोकांना मी दुकानासमोर दोन गाड्यांच्या मध्ये पार्किंग करायला लावतो. पुढे घ्या, मागे घ्या, परत करा. तेवढ्यात माझं होतं. एकाने विचारलं, सर, वळणं कधी शिकवणार? मी म्हटलं, ज्याला थांबता येत नाही त्याने वळून काय उपयोग.

२३ जानेवारी
चौकातल्या दुकानदाराने विचारलं, साहेब, ब्रँड तोच ना? ब्रँड बदलला असता तर व्यसन म्हणता आलं असतं. एकाच ब्रँडशी प्रामाणिक आहे.

२६ जानेवारी, रविवार
गोल. एकही नाही. टाळ्या. या वेळी धाकट्याने वाजवल्या नाहीत, त्याच्या हाताला बहुतेक काही झालं असावं. घरी येताना तो म्हणाला, दादा, जड जात असेल तर बाईंना सांग, त्या रागावत नाहीत. मी विचारलं, मला काय जड जाणार? मी खिशातलं पेपरमिंट तोंडात टाकलं. त्यालाही हवंय का विचारलं, नको म्हणाला.

३० जानेवारी
सर्दी आहे, बाहेर उभं राहवत नाही. बाथरूमचा पंखा लावून खिडकीपाशी अर्धीच ओढली. डॉक्टरसुद्धा वाफ घ्यायला सांगतात. पाकीट गीझरच्या मागे ठेवलंय. तिथे कुणाचा हात जात नाही.

२ फेब्रुवारी
गोल चुकवला. गाडीचं काम निघालं. खरं म्हणजे काम उद्यावर टाकता आलं असतं, पण गाडीच्या बाबतीत मी हयगय करत नाही. धाकटा एकटाच गेला.

५ फेब्रुवारी
आईने गीझरची मागची बाजू पुसायला काढली. ती बाजू आयुष्यात कधी पुसली नव्हती, आजच सुचलं तिला.

कामावरून आलो तर आई स्वयंपाकघरात पाकीट समोर ठेवून बसलेली. गॅस बंद. चहा नाही. मला वाटलं, आता मला बोलणार. ती माझ्याशी बोललीच नाही. धाकट्याला हाक मारली. एवढंच म्हणाली, तुला पुन्हा तिकडे पाठवायची ताकद नाही रे माझ्यात.

धाकट्याने पाकिटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो, ते पाच मिनिटं पुढे आहे, दुरुस्त करायला हवं. धाकटा म्हणाला, माझं आहे, आई.

मी बोलणार होतो, अगदी ओठांवर आलं होतं. पण आईचं बीपी. शिवाय तो स्वतःहून म्हणाला, मी म्हणायला लावलं नाही. आई उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ही माझ्याकडे बघत म्हणाली, स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही.

६ फेब्रुवारी
रात्रभर वाईट वाटलं. आज संध्याकाळी आईला खरं सांगायचं, नक्की. सांगण्याआधी मन थोडं स्थिर व्हायला हवं म्हणून चौकात जाऊन आलो. आलो तोवर आई झोपली होती. उद्या.

७ फेब्रुवारी
सकाळी उठलो तर धाकट्याची गादी गुंडाळून ठेवलेली. बॅग नाही. आईने गल्लीबोळ पालथे घालायला लावले. त्या जुन्या गल्लीतही गेलो. तिथे पायरीवर एक मुलगा मान टाकून बसला होता, मागून अगदी धाकट्यासारखा. तो नव्हता. दुपारी बाईंचा फोन आला, तो केंद्रात आहे, ठीक आहे.

एवढं हायसं वाटलं की कितीतरी वेळ गाडीतच बसून राहिलो. हायसं वाटलं की मला सिगारेट लागते. काळजी वाटली की लागते, ते वेगळं.

८ फेब्रुवारी
आईला खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि डाळ निवडत राहिली. माहीत होतं, म्हणाली. तुझ्या कपड्यांना येतो तो वास मला येत नाही का? मग त्याला का विचारलंस, म्हणून मी चिडलो. म्हणाली, मला वाटलं होतं तू बोलशील.

या घरात सरळ कुणी बोलतच नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
केंद्रात भेटीला गेलो. एकटाच, आई माझ्याबरोबर येत नाही. धाकटा बरा दिसला. भांडी घासायची ड्यूटी आहे म्हणाला.

पाकीट कुणाचं ते त्याने आल्या आल्याच बाईंना सांगून टाकलं होतं. त्याला कुणी परत बोलावलं नव्हतं, आपणहून आला. म्हणाला, दादा, तुझ्यासाठी खोटं बोललो तेव्हा ते इतकं सोपं गेलं की मी घाबरलो. गर्द ओढायचो तेव्हा असंच सोपं जायचं. तुझ्या घरात राहिलो तर मी मरेन.

मला राग आला. राग फार टिकला नाही. मी त्याचा मोठा भाऊ. म्हटलं, तुझ्यासाठी काय करू सांग, हवं ते करतो. तो म्हणाला, माझ्या शेजारची खाट रिकामी आहे. बाईंना विचारून ठेवलंय, सिगारेटसाठीही घेतात.

मी हसलो. तो हसला नाही.

म्हटलं, विचार करून सांगतो, पाच मिनिटांत आलोच. आवारात ओढायला मनाई आहे, म्हणून फाटकाबाहेर गेलो. एवढा मोठा निर्णय डोकं शांत झाल्याशिवाय घेता येत नाही. एक ओढली, निर्णय होईना. दुसरी पेटवली. खाट, माझी गाडी, माझे विद्यार्थी, लोक काय म्हणतील, सगळ्या बाजूंनी विचार केला. तिसरीच्या वेळी जवळजवळ हो म्हणायच्या बेतात आलो होतो.

परत गेलो तर भेटीची वेळ संपली होती. पहारेकरी म्हणाला, तुमचा भाऊ शेवटपर्यंत खिडकीत उभा होता, त्या खिडकीतून फाटकाबाहेरचं सगळं दिसतं.