पलीकडचे पारडे

४ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस देवाच्या कृपेने छान गेला. जन्मभर बाजारात वजनेमापे तपासणाऱ्या माणसाचे संगणकावरच्या खेळात काय काम, म्हणून लेकीने चिडवले होते. पण काम आहे. घरोघरची माणसे हा खेळ एकत्र खेळतात, तलवारी-चिलखतांची अदलाबदल करतात, आणि बनेल लोक नवख्यांना टोपी घालतात. ते थांबवायचे. खिडकीजवळचे टेबल मिळाले. कचेरीतल्या पोरांनी ‘तराजूकाका’ असे बारसेही उरकून टाकले.

१२ जून
नियम ठरले. वस्तूचे वजन बाजारभावावर नाही, मालकाचा तिच्यात किती जीव आहे यावर. पडद्यावरच्या तराजूची दोन्ही पारडी समान झाली की सौदा. पारड्यांमध्ये पेटलेला दिवा विझेपर्यंत कोणी ‘नको’ म्हटले नाही, तर होकार धरायचा. भिडस्त माणूस गप्प राहूनच हो म्हणतो, हे बाजारात पाहिले आहे. त्याचे पारडे रिकामे असेल, तर खेळ त्याच्याकडचे तेवढ्याच वजनाचे काहीतरी आपणहून उचलेल. झालेला सौदा फिरणार नाही. कचेरीच्या मुख्य बाई म्हणाल्या, पुन्हा विचार करा. मी म्हटले, दिला शब्द फिरवायचा नसतो.

१९ जून
चाचणीत एक बिननावाचा खेळाडू येऊ लागला आहे. आमच्यातला कोणी नाही. पोरे त्याला ‘पलीकडचा’ म्हणतात. आज दुपारी त्याने माझ्यासमोर पारड्यात एक गुणगुण ठेवली. माझ्या बायकोची. भांडी विसळताना ती गुणगुणायची, तीच. तिला जाऊन वर्षे लोटली. मी ऐकत राहिलो, माझे पारडे रिकामेच. दिवा विझला.

२० जून
संध्याकाळी घरी आलो तर ओट्यापाशी तीच गुणगुण. नळ बंद, भांडी जागच्या जागी. डोळे भरून आले. लेकीला हाक मारली. ती दारात थांबली, मला न्याहाळत म्हणाली, “काका, तुम्हाला कोण हवंय?”
थट्टा वाटली. ती हसली नाही.

२२ जून
तिने शेजारणीला बोलावले — घरात परका माणूस शिरलाय म्हणून. शेजारणीने समजूत घातली. तरी लेक आतून कडी लावून बसते.
मुख्य बाईंना विनवले. म्हणाल्या, सौदा फिरत नाही, तुम्हीच तसे बांधले आहे. नवा सौदा तेवढा करता येईल.

२३ जून
पलीकडच्याने लेकीला असलेली माझी ओळख पारड्यात मांडली. मी गुणगुण परत ठेवली. त्याने ‘नको’ म्हटले.
मग स्वतःला ठेवले. पारडे तसूभरही झुकले नाही. स्वतःत माझा जीव कधी नव्हताच —

२४ जून
आईने शिकवलेली सकाळची प्रार्थना. ती ठेवली. पारडी बरोबर झाली. दिवा विझेपर्यंत गप्प बसलो.
घरी गेलो. लेक धावत आली. बाबा म्हणाली —

२५ जून
सकाळी हात जोडले. पुढे काही नाही. लेकीने विचारले, “बाबा, आज देवापाशी बसला नाहीस?”
कोणापाशी —
टेबलाशी बसलो आहे. पडद्यातून माझ्याच आवाजात कोणीतरी कुणाला तरी हाक मारतो आहे. किती आर्त. पलीकडच्याच्या पारड्यात तीच हाक. माझे रिकामे.
दिवा पेटला आहे. लेक घरी एकटी. ‘नको’ म्हणायला हवे, आत्ताच —
पण ती हाक — थोडी ऐकू दे — एवढी ओळ संपली की —