तुम्ही सांगितलेला भुताचा सिनेमा

आबा, तुम्ही सांगितलेला तो रक्त पिणाऱ्या भुताचा सिनेमा मी परवा दुपारी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, आणि तो चांगला आहे. आधी हे सांगून टाकते, मग बाकीचं. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच. मी बोलते, नात लिहिते. ती मधूनच विचारते, "आजी, हे खरंच लिहू?" लिही म्हटलं. आबा काही उठून रागवायला येत नाहीत, आणि आलेच तर सिनेमातली गोष्ट खरी ठरेल.

तुम्हाला माणसांना काही ना काही सुचवायची भारी हौस. भरिताची वांगी कोणाच्या मळ्यातली घ्यावी, मिरची कोणाची तिखट, पाय मुरगळला तर कोणाकडे जावं, हे सगळं गल्ली तुम्हालाच विचारायची. कापूस घेऊन तुम्ही धुळ्याला गेलात, तिथल्या थेटरात हा सिनेमा पाहून आलात आणि आठ दिवस दुसरं बोलला नाहीत. थेटर निम्मं रिकामं होतं म्हणे, त्याचंच तुम्हाला वाईट वाटत होतं. "भूत असून किती रीतीचा माणूस," तुम्ही आईला सांगत होतात, "दारात उभा राहून विचारतो, आत येऊ का? या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही." आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग त्यालाच जावई करा. तुमचे पाहुणे तर थेट चुलीपर्यंत येतात."

मग पारोळ्याला जत्रेत तंबू आला, त्यात हाच सिनेमा. तुम्ही सगळ्या गल्लीला बैलगाड्यांत घालून नेलंत. मला अजून दिसतंय. आपण सतरंजीवर बसलोय, मागे मशीन खडखडतंय, एक रीळ संपलं की अंधारात थांबायचं आणि शेंगा खायच्या. तिसऱ्याच रिळाला सिनेमातली मुलगी खिडकी उघडते, उन्हाची तिरीप आत येते आणि भूत जळून राख होतं. पुढच्या रिळात तिचं लग्न, आणि हा बुवा मांडवाच्या कडेला फेटा बांधून उभा. तुम्ही ताडकन उठलात. तुमची सावली पडद्यावर पडली, भुतापेक्षा मोठी. "बठ्ठं उलटं दखाडी ऱ्हायनात रे," तुम्ही ओरडलात, "याले जाळतस ते शेवटले." रिळांचे डबे मागेपुढे झाले होते, शेवटचं आधी लागलं होतं. दुसरा कुठला सिनेमा असता तर लोकांना पटलं असतं. पण हे पडलं भूत, मेल्यावर परत यायचंच. "आबा, बसा खाली," लोक म्हणाले, "भुताला समजतंय, तुम्हालाच समजत नाही." पुढे त्याने दारात उभं राहून "आत येऊ का?" विचारलं, तेव्हा सगळा तंबू एका सुरात म्हणाला, "ये, ये, जेवूनच जा."

लोक वर्षभर हसले, मग विसरले. तुम्ही मात्र सुचवायचं सोडलंत. कोणी वांग्यांचं विचारलं तरी "तुमचं तुम्ही बघा." माझ्यासाठी एरंडोलचं स्थळ आलं, मुलगा कसा वाटतो म्हणून मी विचारलं, तर मलाही तेच. बघितला मी. बरा निघाला, घोरायचा तेवढा. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

परवा नातीने तो सिनेमा शोधून टीव्हीवर लावला. मी मुद्दाम यावलहून तुमच्या धाकट्या लेकाला बोलावून घेतलं. त्या रात्री सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता, आणि त्या तंबूत बसलेल्यांपैकी आता आम्ही दोघंच उरलो. "अक्का, एवढ्यासाठी बोलावलं का," म्हणाला. म्हटलं, केळीच्या बागेला एक दिवस तुझ्याशिवाय राहू दे. पडदे ओढून बसलो. रक्त फार सांडत नाही आबा, आजकालच्यासारखा आरडाओरडा नाही. ते भूत येतं, विचारतं, आणि त्या मुलीचा भाऊ दिवसेंदिवस पांढरा पडत जातो. लग्नात ते जेवत नाही, नुसतं वाढणाऱ्यांकडे बघतं. मग भावाचा जीव जाईल म्हणून तीच खिडकी उघडते. सिनेमा संपला. तुमचा धाकटा बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"लगीन पहिले व्हतं ना मंग," म्हणाला. मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाला, "आबा खरं सांगत होते."

आता मी येईल त्याला सांगते, आमच्या आबांनी सुचवलेला आहे, बघा. शेजारीण बघून गेली, तिला आवडला. नात विचारते, पत्र कुठे पाठवायचं. कुठे पाठवणार, घडी घालून ठेव म्हटलं. एक सांगते आबा, तिथे आईला कळू देऊ नका. ती मुलगी खिडकीकडे गेली ना, तेव्हा मी टीव्हीला म्हटलं, नको गं उघडू, बसू दे त्याला अजून थोडा वेळ.