छत्रीवाल्याचा हेतू

वन्सं,

हे काय चालवलंय तुमच्या ऑफिसाने? पोरीला चार ओळी वाचता येतात का आणि चार आकडे मिळवता येतात का, एवढंच बघायचं, तर त्यासाठी जाडं चोपडं छापायचं, आणि ते तपासायला माणूस नाही, यंत्र! त्या यंत्राला काय कळणार, पोरीने उत्तर खोडलं ते शहाणपणाने की घाबरून? पास व्हायला अठरा गुण लागतात, तुमच्या भाचीला चौदा मिळाले, तर शाळेने घरी कागद धाडला, ‘किमान पातळी गाठलेली नाही’. पातळी! पोरगी आहे का पाण्याची टाकी? (कागदाखाली शिक्का तुमच्या ऑफिसाचा होता. सही तुमची नव्हती, म्हणून एवढ्यावर थांबते.)

बरं, नमस्कार वर राहिला, तो इथे घ्या. गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हटलं तर चढत असालच. आमच्याकडे सगळं ठीक. तुमचे भाऊ जेवतात, झोपतात आणि मधल्या वेळात ‘बघू’ म्हणतात. तुम्ही वयाने मोठ्या, शिकलेल्या, मी सातवी नापास. लहान तोंडी मोठा घास म्हणाल, पण घास तोंडात येऊन बसलाय, आता गिळू की थुंकू तेवढं तुम्ही सांगा.

कागद आला तेव्हा मी पडद्याचं कापड कापत होते. कात्री हातात धरूनच ओरडले, यात अवघड ते काय, मी डोळे मिटून पास होईन! तुमची भाची काही बोलली नाही. ती बोलतच नाही. (हे तुमच्या घराण्याकडून आलंय. आमच्या माहेरी घुमं माणूस जन्माला आलं तर लोक बघायला येतील.) तिला दातांच्या दवाखान्यात मदतनीस व्हायचंय, त्याचं शिक्षण घ्यायचंय. दुसऱ्यांची तोंडं उघडायची हौस, स्वतःचं उघडत नाही. आणि ही परीक्षा पास झाल्याशिवाय शाळा पक्का दाखला देत नाही, दाखल्याशिवाय ते शिक्षण नाही. म्हणजे सगळं त्या चार गुणांवर येऊन अडलंय.

मग शाळेने पालकांना बोलावलं. म्हणे पालकांनीच नमुना परीक्षा देऊन बघावी, म्हणजे मुलांवर काय गुदरतं ते कळेल. सक्ती नव्हती. तुमचे भाऊ म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघायचंय काय त्यात, मी जाते. एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? भाचीलाही ओढून नेलं, चल, आईचा निकाल बघायला. मुलं मागच्या भिंतीला टेकून उभी, आईबाप बाकांवर. बाक पोरांच्या मापाचे. मी आत शिरले खरी, पण बाहेर कशी निघणार हा पहिला प्रश्न मला पेपर वाटायच्या आधीच पडला. शेजारी आमच्या नाक्यावरचा किल्लीवाला बसला होता, त्याचा मुलगाही आपटलाय.

बाई म्हणाल्या, आधी सूचनांचं पान वाचा. मी वाचलं नाही. सूचनांचं पान मी जन्मात वाचलेलं नाही. शिवणयंत्र आलं तेव्हाही वाचलं नव्हतं, म्हणून त्याचा एक पाय आखूड बसला आणि तुम्ही भाचीला बक्षीस दिलेला शब्दकोश त्या पायाखाली गेला. (वर्ष झालं, यंत्र जागचं हललं नाही. रागावू नका, तुमच्या स्वतःच्या शब्दकोशाचा तरी रोज एवढा उपयोग होतो का?)

पहिलाच उतारा छत्रीचा. कुणा एका माणसाची छत्री वाचनालयात राहिली, त्याने भिंतीवर सूचना लावली, काळी छत्री, दांडा मोडका, सापडल्यास कळवावे. खाली प्रश्न, लेखकाचा हेतू काय? माहिती देणे, पटवून देणे, मनोरंजन करणे, आभार मानणे. अहो, त्याला छत्री परत हवी आहे! ते कुठेच नाही. मी चारही पर्याय उलटसुलट वाचले, शेवटी मनोरंजन भरलं, कारण तोवर माझं झालं होतं. पुढे गणित आलं आणि मी सुटकेचा सुस्कारा टाकला, कारण गणित पडद्यांचं होतं! वीस वर्षं पडदे शिवतेय. खिडकी दोन मीटर रुंद, कापड दीडपट, खिडक्या तीन, तर एकूण कापड किती? मी ठोकून दिलं, बारा मीटर. उत्तर नऊ. तेव्हा मला कळलं की दुकानात मी हिशेब करतच नाही. कमी पडू नये म्हणून थोडं जास्त घेते, मालक ओरडू नये म्हणून आणखी थोडं, आणि उरलेल्याच्या आपल्या घरी उशा होतात.

यंत्राने आम्ही घाम पुसेपर्यंत निकाल बाहेर टाकला. बाईंनी भिंतीवर दोन उत्तरपत्रिका दाखवल्या, नावं झाकून. (माझं झाकून काय उपयोग? एवढे जाड काळे गोल भरणारी बाई त्या खोलीत एकच होती.) सर्वांत वरची ओळ नमुन्याची होती, तिथे काहीच भरायचं नव्हतं. मी पहिलं उत्तर तिथेच भरलं. मग दुसरं पहिल्याच्या जागी, तिसरं दुसऱ्याच्या, जसा रांगेतला पहिला माणूस चुकीच्या बसमध्ये चढावा आणि मागचे सगळे मुकाट त्याच्यामागे. तीसपैकी चार गुण. आणि दुसरी उत्तरपत्रिका? तिलाही चारच. त्याच चुका, त्याच ओळीत, माझी एक खाडाखोडसुद्धा जशीच्या तशी. किल्लीवाल्याने माझं बघून उतरवलं होतं. धंदाच त्याचा तो, समोर दाते दिसतील तसे कापायचे. मी त्याला म्हटलं, अहो, मेल्याहून मेल्यासारखं केलंत, निदान विचारायचं तरी! तर म्हणतो, “ताई, तुम्ही इतक्या तावातावाने भरत होता, मला वाटलं तुम्हाला येतंय.”

बाईंनी मोठ्या मनाने माझी उत्तरं एकेक ओळ खाली सरकवून पुन्हा मोजली. अकरा. म्हणजे मी टाकीच्या तळाशी. घरी येताना भाची एकच वाक्य बोलली, “आई, म्हणजे आपल्या सगळ्या उशा चुकीच्या उत्तराच्या आहेत.” मला वाटलं, चला, हसली, निभावलं. पण घरी पोचल्यावर सांगून मोकळी झाली की पुन्हा परीक्षेला बसणार नाही. वर्गात आता तिला ‘चारवाल्या बाईची मुलगी’ म्हणतात. शनिवारपर्यंत नाव नोंदवायचंय, आणि ती फॉर्मला हात लावत नाही.

तेव्हा वन्सं, एवढी वर्षं त्या ऑफिसात घालवलीत ती काय पंख्याखाली बसायला? साहेबाला सांगा आणि पोरीला या परीक्षेतून सूट मिळवून द्या. आपलं माणूस आत असून बाहेर उभं राहायचं, हे मला पटत नाही.

तुमची भावजय

ता. क. — सूट नको. पत्र पाकिटात घालायच्या आत तुमच्या भाचीने वाचलं आणि चिडली. म्हणाली, सूट मागायला मी काय आजारी आहे? मी म्हटलं, मग बस ना, चारच तर कमी पडलेत. तर म्हणते, “तुला सात कमी पडलेत. तू बसतेस?” माझं तोंड तुम्हाला ठाऊक आहे, ते माझ्या आधी पोचतं. बसते म्हणाले. मोठ्यांनाही त्याच दिवशी, त्याच खोलीत बसता येतं. शनिवारी दोघींची नावं घालायची असं ठरलंय.

आणखी एक ता. क. — मी कुणाकडे शिकायला जात नसते हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून तुम्हीच इकडे या. आठ दिवस राहा. दोघींना एकत्रच बसवा. ती बोलणार नाही, मी गप्प बसणार नाही, कसं सांभाळायचं ते तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही बघा. तुमचे भाऊ बाहेरच्या खोलीत झोपतील. विचारलं तर ‘बघू’ म्हणाले, म्हणजे झोपतील. उशांची तर काळजीच करू नका.

शेवटचं — भाची विचारते, या पत्राचा हेतू काय? माहिती देणे, पटवून देणे, मनोरंजन करणे की आभार मानणे? मी म्हटलं, छत्री परत हवी आहे. शब्दकोश यंत्राखालून काढून पुसून ठेवलाय. यंत्र डुगडुगतंय, पडद्यांच्या शिवणी वाकड्या येताहेत, मालक रोज बडबडतोय. तेव्हा शुक्रवारच्या आत हो की नाही ते कळवा. ‘बघू’ चालणार नाही, ते या घरात आधीच एकाने घेतलंय.