शेवटची ओळ रिकामी

३ मार्च
आजही निकाल शून्य! चार महिने झाले. मी संगणकाकडून औषधं निवडून घ्यायची, प्रयोगशाळेतल्या काकूंनी ती खळग्याखळग्यांच्या प्लेटमध्ये मलेरियाच्या परजीवींवर टाकून बघायची, आणि परजीवी आपले मजेत! काकू म्हणाल्या, "तुझी औषधं पिऊन बाळसं धरलंय त्यांनी." हसायचंही त्राण नाही.

६ मार्च
साहेबांनी बोलावलं. शुक्रवारी शेवटची प्लेट, मग हे काम बंद. मला दुसरं टेबल मिळेल म्हणे. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. कंटाळलोय.

७ मार्च
काही नाही. चहा गार झाला, तोच प्यायलो.

८ मार्च
ताईचा फोन. ती तापाच्या वॉर्डात नर्स. "मलेरियाची जुनी गोळी आता लागूच पडत नाही रे. आज एक पोरगी गेली. सहा वर्षांची." कपाळ!

९ मार्च
टेबल आवरताना, औषधं निवडायला चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या नव्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका चाळली — आणि तेच पान पुन्हा वाचलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये औषधापुढचा आकडा जितका लहान तितकं ते चांगलं. नव्यात उलट, जितका मोठा तितकं चांगलं. आणि मी सवयीने लहान आकडेच वर लावत राहिलो! म्हणजे चार महिने काकूंना वेचून वेचून सगळ्यात टाकाऊ औषधं दिली.

कुणाला कळणार नाही. काम बंदच होतंय. गप्प बसावं? दिवसभर डोक्यात तेच. आणि ती पोरगी.

१० मार्च
सांगून टाकलं. काकूंनी हातमोजे काढले. "गाढवा! माझे चार महिने!" मग प्लेट माझ्यापुढे सरकवली.

काकू प्रत्येक प्लेटची शेवटची ओळ रिकामी ठेवतात. बारा खळगे. "ऐन वेळी कुणीतरी बोंबलत येतंच," म्हणायच्या. मी त्यावरून चिडवायचो. आज मीच गेलो बोंबलत. मोठे आकडे वर लावलेल्या खऱ्या यादीतली पहिली बारा औषधं कपाटातून काढून तिथे घातली. साहेबांनाही सांगितलं. त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

१३ मार्च
शेवटच्या ओळीतला नववा खळगा. एकही परजीवी जिवंत नाही! काकूंनी तीनदा पाहिलं. ताईला फोन केला. "गोळी कधी देतोस?" म्हटलं, सगळं नीट झालं तर दहा वर्षं. ती म्हणाली, "मग फोनवर काय करतोयस? ठेव!"