मदतीची गाडी

प्रिय नौफल,

तू, माझा मामेभाऊ, मंत्रालयात आहेस, हे मी गाबेस शहरात कधी मिरवलं नाही. ही प्राणिबाग मी एकट्याने उभी केली. रोगाच्या साथीने बागेचं फाटक बंद पाडलं, तेव्हा मात्र सरकारी मदतीसाठी तुझ्यापुढे हात पसरला.

काल तू फोनवर म्हणालास, "तिजानीदादा, घाबरू नकोस. उद्या गाडी येतेय, तुझा भार हलका करेल." मी समजलो, मांस येणार. जोहरा सिंहीण उपाशी आहे.

आज मांस वाहणारी शीतगाडी आली. शेजारचा बशीर गच्चीवरून ओरडला, "काय दादा, सिंहिणीची ईद झाली की!" मीही हसलो. मग माझी नजर चाकांवर गेली. भरल्या गाडीची चाकं खाली दबतात. या गाडीची जराही दबली नव्हती. गाडी रिकामी आहे, नौफल. ड्रायव्हरशेजारी जनावरांचा डॉक्टर बसलाय, मांडीवर इंजेक्शनची पेटी घेऊन.

"आणलंय काय?" मी विचारलं.

"फाटकाचं कुलूप काढा, काका," डॉक्टर म्हणाला.

तुला फोन करायला हात धजत नाही. रिकामी गाडी जोहरालाच न्यायला पाठवलीस का, असं विचारलं आणि तू 'हो' म्हणालास तर?

गाडीच्या वासाने जोहरा उठून गजांशी आली आहे. तिला वाटतंय, जेवण आलं.

बाहेर हॉर्न वाजतोय.

किल्ली मुठीत धरून बसलेला,
तिजानी