गेट कोण उघडतं

प्रिय ताझु,

तुझं माफीपत्र परवा पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तळपायाची आग मस्तकात गेली. ‘आमच्या गाईच्या तापट रक्तामुळे आपल्या घराला जो त्रास झाला’ असं तू लिहितेस, तेही इतक्या सुंदर अक्षरात, आणि सोबत सुकवलेल्या माकळांची आणखी एक पेटी पाठवतेस. अगं, मागच्या महिन्यात तीन तास बोटीत ओकत येऊन आमच्या उंबऱ्यात गुडघे टेकून गेलीस, ते पुरलं नव्हतं? आणि कशापायी? नामिएचं रक्त तापट आहे हे तुला कोणी सांगितलं? जी गाय कड्यावर उभी राहून परक्या पोरांना आपली शिंगं धरू देते, ती तापट? नऊ वर्षं तू तिला सांभाळलंस आणि एका फोनवर तुझा तिच्यावरचा विश्वास उडाला?

उडालेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू रीत पाळलीस. जनावर खराब निघालं की वासरू विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या दारात जाऊन वाकायचं, खरंखोटं मग बघू. पण मग कोणी बघत नाही, ताझु. जातिवंत गाईंच्या नोंदणी समितीने तुझी माफीच पुरावा म्हणून कागदाला जोडली. ‘मालकीणबाईंनी स्वतः कबूल केलंय, आता आम्ही काय बोलणार,’ असं अध्यक्ष म्हणाले म्हणे. झालं. नामिए नोंदणीतून बाद, एकोणीस तारखेला ती बोटीत चढणार आणि थेट कत्तलखान्यात उतरणार. तिची दोन महिन्यांची कालवडही बाद, रक्त तेच म्हणून. तुझ्या गोठ्यात सहा गाई, त्यातल्या तिघी तिच्याच पोटच्या, म्हणजे उद्या त्यांचीही पाळी. आणि तू काय लिहितेस? ‘माझंही वय झालंच आहे, गोठा बंद करायला निमित्त मिळालं.’ या वाक्यावर मी पत्र चुरगाळलं. मग मांडीवर ठेवून सरळ केलं आणि पुन्हा वाचलं.

सकाळचे दहा वाजलेत. खाद्याच्या कोठारात पोत्यावर बसून लिहितेय. आमचे हे, तोकुजी, पशुपालक संघाच्या मंडळींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलेत, गुरुवारी येतील. घरात कोणी नाही, तरी घरात बसून हे पत्र लिहायला जमेना. रागामुळे जमत नाही असं मी स्वतःला सांगतेय.

आपण शाळेत असताना तुझ्या आजोबांचा तो काळा वळू कड्याच्या वाटेवर आडवा उभा राहायचा, आठवतो? तू झाडामागे, बाकीची पोरं दगडी भिंतीवर, आणि मी दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर. ‘किनुएत भीती घालायला देव विसरला,’ असं तुझी आई म्हणायची. वळू आधी फुसफुसायचा, मग कंटाळून बाजूला व्हायचा. तू मात्र मागून मला रागवायचीस. तुझी पद्धत वेगळी होती. आधी लांबून हाक मारायची, त्याचा कान आपल्याकडे वळू द्यायचा, मग समोरून जवळ जायचं. मागून कधीच नाही. मी हसायचे तुला. म्हणायचे, जनावराला काय पाहुण्यासारखं वागवायचं? आणि बाजारात तुझी वासरं बघ. पाचव्या दिवसापासून तू त्यांच्या अंगावरून ब्रश फिरवतेस, दोर लावून उभं राहायला शिकवतेस, नाकात फुंकर घालतेस. लिलावाच्या रिंगणात दुसऱ्यांची वासरं मालकाला फरफटत नेतात, तुझं वासरू तुझ्यामागे शेपूट हलवत येतं. खरेदीदार लोक आधी वंशावळ वाचतात, मग पाठ चाचपतात, पण तुझ्या वासराजवळ आले की नुसतं हुं करतात आणि हात वर करतात. शांत जनावर खातं, खाऊन बसतं, बसून रवंथ करतं, आणि अंगाला लावून घेतं. यात जादू नाही. टीव्हीवाले येऊन विचारतात, तुम्ही बैलांना बियर पाजता का हो? त्यांना एकदा तुझ्या गोठ्यात पाठवायला हवं.

नामिएचा इवामारु आमच्याकडे आला तेव्हा नऊ महिन्यांचा होता. ट्रकमधून उतरला, इकडेतिकडे बघितलं, आणि सरळ येऊन माझ्या काखेत नाक खुपसलं. मला वाटलं, बेटावरचा वास आला असेल याला माझ्या अंगाचा. चाळीस वर्षांनंतर कुठला यायला, पण वाटलं खरं. तापट म्हणे. अगं, पहिले दोन दिवस तो शेजारच्या कप्प्यातल्या बैलांना चाटत होता.

तिसऱ्या दिवशी त्याने तोकुजीच्या पायावर पाय दिला. एवढंच. पोरगं होतं, बुटांचा वास घ्यायला पुढे आलं होतं. तोकुजीने भिंतीला टेकवलेला पाइप उचलला आणि त्याच्या नाकावर, जिथे कडी घातलेली असते बरोबर तिथे, मारला. एकदा नाही. मी इथेच होते, याच कोठारात, याच खिडकीशी. आणि मी काय केलं सांगू? मी रेडिओचा आवाज वाढवला.

थांब, अजून ओरडू नकोस माझ्यावर. पुढचं ऐक. त्या दिवसापासून इवामारु खाद्याच्या कुंडीपाशी सगळ्यांत शेवटी जायचा. पावलं ऐकली की कठड्यावर धडकायचा. तो धडकला की कप्प्यातले बाकीचे पाचही उठायचे. सहा जनावरं दिवसभर उभी, त्यांच्या अंगाला काय लागणार? वीस महिने आम्ही त्याच्यापुढे सगळ्यांत चांगलं खाद्य ओतलं आणि त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. तोकुजी मग आणखी चिडायचा. ‘रक्तच घाणेरडं आहे याचं, बेटावरच्या त्या म्हातारीने गळ्यात मारलं,’ असं म्हणायचा आणि विजेचा झटका देणारी दांडी घेऊन आत शिरायचा. शेवटच्या दिवशी त्याला ट्रकमध्ये चढवायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासाबद्दल मी लिहिणार नाही. मांस काळपट निघालं, आतमध्ये जिथे-तिथे रक्ताचे ठिपके. तपासनिसाने दाखल्यावर दोषाचा शिक्का मारला. भीतीने जे झालं ते मांसात उतरलं आणि दाखल्यावर छापून आलं, फक्त कोणाची भीती ते तिथे लिहायची सोय नाही.

आणि मग तोकुजीने संघाच्या कचेरीत चार माणसांसमोर तुला फोन लावला. तू आलीस. उंबऱ्यात वाकलीस. मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्या पाठीमागे उभी होते. तू मान वर केलीस तेव्हा आधी माझ्याकडे पाहिलंस, त्याच्याकडे नाही. मी ट्रेमधल्या कपांकडे बघत राहिले. त्यासाठी तू मला एक शब्दही लिहिला नाहीस, याचाही मला राग आहे. शिव्या द्यायच्या होत्यास. बेटावर आपण याहून कमी कारणावरून झिंज्या उपटायचो.

आता मागच्या आठवड्याचं सांगते. रक्ताबद्दलचं स्वतःचं म्हणणं खरं हे सिद्ध करायला तोकुजीनेच संशोधन केंद्रातून बाई बोलावली. मोरिवाकी नाव तिचं, पंचविशीची, जाड चष्मा, आणि जनावरांना नमस्कार करून मग कामाला लागणारी. तिचं यंत्र साधं आहे. वजनाच्या पिंजऱ्यात जनावर घ्यायचं, पुढचं गेट उघडायचं, आणि बाहेर पडल्यावर पाच-सहा फुटांचं अंतर ते किती वेळात कापतं ते मोजायचं. घाबरट जनावर बाणासारखं सुटतं, शांत जनावर चालत जातं. ती म्हणाली, जी सुटतात ती सहसा कमी वाढतात आणि त्यांचं मांसही चिवट निघतं, असं पुष्कळ ठिकाणी मोजून पाहिलंय. आमच्या गोठ्यात नामिएचे दोन नातूही आहेत. तोकुजी त्यांच्यावरच टपून होता.

गेटवर तो स्वतः उभा राहिला. अकरा जनावरं झाली. सगळी एका सेकंदाच्या आत. नामिएचे नातू, आणि बाकीचे नऊसुद्धा, ज्यांचा तुझ्या बेटाशी काडीचा संबंध नाही. मोरिवाकी काचेवरचे आकडे वहीत उतरवून घेत होती. मग तिच्या लक्षात आलं की वायर सैल आहे, यंत्रात काहीच साठलेलं नाही. लाजून लाल झाली बिचारी, म्हणाली, अकराही पुन्हा घ्यावी लागतील. तोकुजीला संघात जायचं होतं. ‘एवढं शिकून वायर लावता येत नाही?’ असं तिच्या तोंडावर म्हणाला आणि गाडी काढून गेला. गेट मी उघडलं.

तीच अकरा, ताझु. पहिला चालत बाहेर आला, दोन सेकंदांच्या वर. दुसरा तसाच. नामिएचा धाकटा नातू तर बाहेरच पडेना, गेटमध्ये उभा राहून मोरिवाकीच्या खिशातला रुमाल चघळायला लागला. दुसऱ्यांदा पिंजऱ्यात आल्याने थोडा फरक पडतो, ती म्हणाली, पण एवढा नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून तिने चष्मा पुसला. ‘काकू, जनावरं तीच आहेत ना?’ मी म्हटलं, तीच. ती यंत्र आवरायला लागली. वायर गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मघाशी ते गेट उघडत होते तेव्हा तुम्ही मागच्या दाराशी उभ्या होतात. सगळा वेळ एक हात कडीवर होता तुमचा.’

मला माहीतही नव्हतं. मी तिला उलट झापलं. म्हटलं, आकडे मोजायला आलीस, आकडे मोज. ती वाकून माफी मागून गेली. हल्ली ज्याच्यावर रागवायला हवं तो सोडून बाकी सगळे माझी माफी मागतात. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि भात लावताना अंगणात त्याची गाडी थांबल्याचा आवाज आला. मी भांडं ठेवून कधी उठले, मागच्या दारातून विहिरीपाशी कधी पोचले, मला कळलंच नाही. यंत्र लावलेलं असतं तर एका सेकंदाच्या आत भरले असते मी. चाळीस वर्षं लोक म्हणतात, किनुए किती चपळ बाई आहे, पाय जमिनीवर ठरत नाही. सगळे कौतुकानेच म्हणतात. माझं डावं मनगट वाकडं का बसलंय ते तू एकदाच विचारलं होतंस. मी म्हटलं, बैलाने दाबलं. बिचाऱ्या बैलाचं नाव तेव्हाही मीच घेतलं होतं.

तर आता नीट वाच. सोबत मोरिवाकीच्या दोन्ही कागदांची नक्कल आहे, तिने स्वतः पोस्टाने पाठवली, न मागता. तिसरा कागद माझा आहे. इवामारुला कोणी, कधी, कशाने मारलं आणि मी ते कुठून पाहिलं, ते सगळं त्यात आहे. त्याच्यावर सहीचा शिक्का मी माहेरच्या नावाचा मारलाय. लग्नात बाबांनी दिला होता तो, शिवणाच्या डब्यात तळाशी होता, शाई मात्र नवीन घ्यावी लागली. सतरा तारखेला समितीसमोर हे तिन्ही कागद ठेव, आणि वाकायचं नाही. वाकलीस तर मी तिथल्या तिथे तुझ्या झिंज्या उपटेन, कारण मी शेजारीच बसलेली असेन. बुधवारच्या बोटीने येतेय. एकच पिशवी आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. तुझ्या गोठ्याच्या माडीवर पूर्वी गवत ठेवायचो ती जागा मोकळी असेल तर मला पुरे, गाईंना पाणी घालायला अजून येतं मला. नामिए बोटीत चढणार नाही, हे मी तिला स्वतः सांगणार आहे. धक्क्यावर घ्यायला ये. फक्त एक कर, मला पाहिल्यावर आधी लांबून हाक मार, आणि समोरून ये.

कड्यावरच्या वाटेवरची, तुझीच
किनुए