सहा बाळंतपणं, एक काटा

१२ जानेवारी १९३९

लोकलफंडाचं, म्हणजे जिल्ह्याच्या निधी कचेरीचं, पत्र आलं. बाळंतपणाच्या खोलीसाठी ग्रँट मिळू शकते. दोन भाग लोकलफंडाचे, एक भाग गावाचा, तोही दगड आणि मजुरीच्या रूपात चालेल. अट एकच. ३१ मार्चपर्यंत माझ्या रजिस्टरात सहा बाळंतपणं हवीत. नसतील तर खोली नाही, आणि माझी मिडवाइफची जागाही या गावातून हलवली जाईल.

मार्चअखेर मोकळ्या होतील अशा बायका गावात अकरा आहेत. पाणवठ्यावर स्वतः मोजल्या. अकरातून सहा. काळजीचं कारण नाही.

प्लॅन काढला. बारा बाय सोळा फूट, दोन खिडक्या, फरशीला मोरीकडे उतार.

मी हैदराबादेत अठरा महिने शिकले आहे. गावची सुईण लखमा हिला अक्षर येत नाही. तुलनेचा प्रश्न उद्भवत नाही.

ठराव: कमी बोलायचं. कमी बोलणाऱ्यावर लोक लवकर विश्वास ठेवतात.

१९ जानेवारी

पहिलं बाळंतपण झालं. लखमाने केलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. राग आला नाही, नोंद म्हणून लिहिते. उरल्या दहा.

दुपारी पाटलीणबाई, चतुराबाई, आल्या. त्यांची सून मनकर्णा अकरांपैकीच, त्यामुळे मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. तान्ह्या मुलांच्या वजनाच्या काट्याकडे बघत राहिल्या. यात काय मोजता, म्हणाल्या. लेकरं, म्हटलं. मिरच्या मोजंल का? मी म्हटलं, वजन हे वजन असतं. पदराखालून गाठोडं निघालं. बाजारात माल घेणाऱ्या हरिचंद शेठने तीन शेर धरलेल्या मिरच्या सव्वातीन शेर भरल्या.

चतुराबाई म्हणाल्या, मेल्याचा काटा, तुमचा तं देवच हाय.

पाटलाच्या घराशी संबंध जुळला. उत्तम.

२ फेब्रुवारी

आठवड्यात नऊ बायका दवाखान्यात आल्या. माझ्याआधी ज्या होत्या त्यांच्या वर्षभराच्या रिपोर्टात एकूण चार आहेत. नवांपैकी आठ काट्यासाठी, एक पाणी प्यायला. पण आत आल्या, हे महत्त्वाचं.

त्यात दोन गरोदर होत्या. एकीला महिना विचारला. म्हणाली, ते लखमायला ठाव हाय, तुमी येवढी हळद पाहा.

उरल्या आठ. सहा हव्यात.

ठराव: वजन करून हवं असेल तर आधी पाच मिनिटं स्वच्छतेची माहिती ऐकायची. पाणी उकळणं, नखं काढणं, नाळ कापायचं पातं उकळत्या पाण्यात ठेवणं. आज ऐकवलं. हळद घेऊन आलेली जिवनबाई म्हणाली, लवकर आटपा बाई, तेवढ्यात हळद सुकून पावशेर कमी भरंल.

१७ फेब्रुवारी

दारात रांग. माझा चपराशी खाजा मिया रांग लावतो आणि त्याला त्यात गोडी वाटू लागली आहे, असं दिसतं.

हरिचंद शेठ स्वतः आले. बाई, ह्यो लेकरायचा काटा हाय का आडत हाय? मी त्यांना पौंड आणि शेर यांचं कोष्टक समजावलं. पक्का शेर म्हणजे दोन पौंड आणि एक औंसाला किंचित कमी. मग त्यांचीच वजनं तपासली. शेरामागे दीड औंस जास्त. गंज चढला असेल, म्हणाले. मी तसं लेखी दिलं. सही, तारीख, वेळ.

उरल्या सात. म्हणजे अजूनही एक जास्त.

६ मार्च

उरल्या पाच. सहा हव्यात. फरक फक्त एकाचा. जुळं झालं तर दोन धरायची का, असं लोकलफंडाला पत्राने विचारलं आहे.

७ मार्च

ठराव: वजन बंद. दारावर नोटीस लावली. ‘येथे फक्त मुलांचे वजन होईल.’ खाजा मियाने मोठ्याने वाचून दाखवली. बायका शांतपणे उठून गेल्या. थोडा कठोरपणा लागतोच.

८ मार्च

चतुराबाई लेकीकडची नात घेऊन आल्या. नियमात बसत होतं. नात काट्यात ठेवली, तर नातीखाली दुपट्यात हळद. मी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, आता तुमीच लिवलं ना, लेकरू पाहिजे म्हून. हे लेकरू न्हाई तं काय भोपळा हाय?

आधी दोन्ही मिळून, मग एकटी नात, मग वजाबाकी. नातीचं वजन दहा पौंड सहा औंस, प्रकृती चांगली. हळद नऊ पौंड.

संध्याकाळपर्यंत सोळा मुलं आली. त्यांतली तीन म्हणजे एकच मूल होतं.

१५ मार्च

जुळ्यांबद्दल उत्तर आलं नाही. लोकलफंडाचे साहेब २४ तारखेला पाहणीला येणार, इतकंच आलं.

उरल्या तीन. नीट विचार केला. सहा ही संख्या साहेब अक्षरशः घेणार नाहीत. एक चांगली केस, तीही पाटलाच्या घरची, पुरेशी होईल. गाव पाटलाकडे बघून चालतं. चतुराबाईंशी स्पष्ट बोलले. त्यांनी गळ्यावर हात ठेवला. मनकर्णाचं पोट दुखलं की तुमालाच बलावू, लखमाला न्हाई. मात्र रांगेत आपला नंबर पहिला.

मान्य केलं. यात तत्त्व मोडत नाही.

२४ मार्च, रात्री

क्रमाने लिहिते.

साहेब साडेनऊला आले. दारात एकतीस बायका. साहेब प्रसन्न दिसले. मी प्लॅन उलगडला. तेवढ्यात जिवनबाई आणि हरिचंद शेठ भांडत आत आले. पाव पौंडाचा वाद. जिवनबाई म्हणाली, शेठ, तुमी काट्याला हात लावू नका, तुमचा हातच दीड औंसाचा हाय. साहेब हसले आणि म्हणाले, हो, बघू तरी कसं करता ते.

काट्याची सुई स्थिर व्हायला वेळ लागतो. त्याच वेळी खाजा मिया आला. पाटील के घर से बुलावा है. मी म्हटलं, दोन मिनिटं. साहेब बघत होते. अर्धवट वजन सोडणं शिस्तीत बसत नाही. हरिचंद शेठने फेरमोजणी मागितली. खाजा मिया पुन्हा आला. मी पुन्हा दोन मिनिटं म्हटलं.

घड्याळाप्रमाणे बत्तीस मिनिटांनी पोचले. लखमा हात धूत होती. मुलगा. चतुराबाई म्हणाल्या, बाई, आमी तं दोनदा बलावलं. बरोबर होतं त्यांचं.

चुलीवर पातेल्यात पाणी उकळत होतं, त्यात पातं. कोणी सांगितलं, विचारलं. मनकर्णा पडल्या पडल्या म्हणाली, रांगेत तुमीच तं रोज सांगून राहिल्या होत्या. म्या लखमायला म्हनलं, उकळल्याशिवाय हात लावू देनार न्हाई. लखमा म्हणाली, पाहा माय, पाण्यासाठी किती अडवून धरलं या पोरीनं मला.

रजिस्टरात यासाठी रकाना नाही.

९ एप्रिल

निकाल. खोली नामंजूर. साहेबांचा शेरा असा: ‘सदर मौजे येथे वजनाची निकड दिसते, प्रसूतिगृहाची दिसत नाही.’ बाजाराच्या जागेत काट्यासाठी शेडची ग्रँट मंजूर. गावाने आपल्या एका भागाचे दगड एका दिवसात आणून टाकले. मला गोरेगावच्या बाजूच्या दुसऱ्या दवाखान्यात रुजू होण्याचा हुकूम.

शेडमध्ये कोणता काटा ठेवायचा ते लिहिलेलं नाही. अर्थात नवा पाठवतील.

१४ एप्रिल

सकाळी सामान बांधलं. खाजा मियाने बैलगाडी जुंपली. पाहते तर सगळं गाव गाडीभोवती. पाटील, चतुराबाई, मनकर्णा बाळासकट, हरिचंद शेठसुद्धा. मला हे अपेक्षित नव्हतं. पण निष्ठेने केलेलं काम लोकांच्या लक्षात राहतं. घाईने तीन मुद्दे मनात जुळवले आणि गाडीत उभी राहिले.

चतुराबाई म्हणाल्या, बाई, जरा बाजूला सरका ना, माणसायला चढू द्या.

दोन जण चढले. गोधडीत बांधलेला काटा त्यांनी फार जपून उतरवला. सुईला धक्का लागू देऊ नका, असं मी सांगितलं. सगळे त्याच्यामागे बाजाराकडे निघाले.

लखमा मागे राहिली. म्हणाली, तू शिकलेली हाय पोरी, तुला काय, दुसरा भेटल.

मी बसले. खाजा मियाने कासरा ओढला. म्हणाला, अब गाडी हल्की हुई बाई, जल्दी पहुँचते.